चार महिन्यांची मखमल

मनीप्लांट चढवण्यासाठी नर्सरीतून आणलेली ‘मॉस स्टिक’ सोलून पाहिली, तर आत पीव्हीसीचा पाइप निघतो आणि बाहेर नारळाचा काथ्या. मॉस बहुतेक वेळा औषधालाही नसते. यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही. खरे मॉस गुंडाळलेली काठी विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकत नाही, काथ्या टिकतो आणि मनीप्लांटच्या मुळ्यांना दोन्ही सारखेच चालतात. व्यापाऱ्यांनी हा निर्णय केव्हाच घेऊन टाकला. नाव तेवढे जुने राहिले. ग्राहक मात्र अजून चित्रांवर भुललेला असतो. मॉसच्या गोळ्यात लावलेले झाड, म्हणजे जपानी कोकेडामा, काचेच्या बरणीतले छोटे रान, कुंडीतली माती झाकणारा हिरवागार थर, हे सगळे मोबाइलवर सुरेख दिसते आणि मग वाटते की आपल्याही गॅलरीत असे करावे. ही गॅलरी खापरखेड्यात असेल, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या टप्प्यात, तर काय? माझे म्हणणे असे, की इथेही मॉसने बाग नक्की सजवता येते, पण विकत आणलेल्या मॉसने नाही आणि बारा महिने हिरवी ठेवण्याच्या हट्टानेही नाही. पावसाळ्यात आपल्याच भिंतींवर आपणहून उगवते ते मॉस हाताशी धरायचे आणि उरलेले आठ महिने त्याला सुकू द्यायचे. हे मन मारून केलेली तडजोड म्हणून मी सांगत नाही. त्या वनस्पतीची घडणच तशी आहे.

आधी ओळख नीट करून घेऊ. अंगणातली फरशी निसरडी करते ती काई बहुतेकदा शैवालाची असते. विटांच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेला, जुन्या कुंडीच्या अंगावर जी मऊ, बारीक पानांची लव उगवते ती वेगळी. तिला शाळेच्या पुस्तकात हरिता म्हणतात आणि नर्सरीत मॉस. जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत. त्यांना खरी मुळे नसतात. जे केसासारखे तंतू दिसतात ते धरून बसण्यापुरते असतात. जमिनीतून पाणी वर खेचणारी नळ्यांची यंत्रणा बहुतेकांत नसते. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे आणि त्यावर इतर झाडांच्या पानांवर असतो तसा मेणाचा लेप जवळजवळ नाहीच. म्हणजे ही वनस्पती सगळ्या अंगाने पाणी पिते आणि सगळ्या अंगाने ते गमावते. हवा ओली तर मॉस ओले, हवा कोरडी तर मॉस कोरडे. तुळस कोरडी पडली की मरते. मॉसच्या अनेक जाती कोरड्या पडल्या की फक्त थांबतात. पेशीतले जवळजवळ सगळे पाणी गेले तरी त्यांची आतली रचना शाबूत राहते आणि पाणी मिळाले की काही मिनिटांत पाने पुन्हा उलगडतात. खापरखेड्यातल्या बागेबद्दलचा सगळा युक्तिवाद या एका गुणावर उभा आहे.

मॉसच्या बागेचे नाव काढले की क्योतोचे साइहो-जी मंदिर आठवते. तिथली बाग १३३९ साली मुसो सोसेकी या झेन भिक्षूने आखली. आज तिथे मॉसच्या सुमारे १२० जाती आहेत, १९९४ साली ते जागतिक वारसा यादीत गेले आणि १९७७ पासून आधी अर्ज केल्याशिवाय तिथे प्रवेश मिळत नाही. सोसेकीच्या आराखड्यात मात्र ही हिरवळ नव्हती. पुढच्या शतकांत देखभाल ढिली पडली आणि त्या ओलसर खोऱ्यात मॉसने आपणहून जमीन व्यापली. जगातली सर्वांत प्रसिद्ध मॉसबाग माळ्यांनी लावलेली नाही. झाली ती त्यांनी नंतर जपली, झाडून-पुसून ठेवली. क्योतोचा वार्षिक पाऊस साधारण १५०० मिलिमीटर, नागपूरचा साधारण ११००. फरक आहे, पण फार मोठा नाही. खरा फरक वाटणीत आहे. क्योतोत वर्षातल्या प्रत्येक महिन्यात थोडाफार पाऊस पडतो. आपल्याकडचा बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. मग येतो तो मे महिना. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. तसा दिवस अपवादात्मक म्हणून बाजूला ठेवला, तरी ४४-४५ अंशांचे दिवस दरवर्षीचेच आणि दुपारी हवेत ओल म्हणून नावाला उरते.

इथे कोणीही सरळ विचारेल, की मग दिवसातून दोनदा स्प्रेने पाणी मारले तर? हिरवी जाळी लावली, सावली केली, फवारा मारला, एवढे कष्ट घ्यायची तयारी आहे, अडले कुठे? अडते ते मॉसच्या हिशेबात. कोरडे मॉस ओले झाले की लगेच अन्न तयार करू लागत नाही. आधी सुकण्याने झालेली मोडतोड दुरुस्त करण्यात साठवलेले अन्न खर्च होते आणि त्यानंतर काही तास ओल आणि उजेड दोन्ही मिळाले तर खर्च भरून निघून चार पैसे शिल्लक पडतात. मे महिन्यात मारलेला फवारा अर्ध्या-पाऊण तासात उडून जातो. प्रत्येक फवाऱ्यागणिक मॉस भांडवल खाते आणि कमाई होण्याआधीच पुन्हा सुकते. अमेरिकेतल्या कोलोराडो पठारावर शास्त्रज्ञांनी नेमके हेच करून पाहिले. वाळवंटी जमिनीवरच्या मॉसला उन्हाळ्यात वारंवार, प्रत्येक वेळी फक्त १.२ मिलिमीटर पाणी दिले. कोरडी राहिलेली शेजारची ठिगळे जगली. पाणी मिळालेले मॉस मोठ्या प्रमाणात मेले. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात मॉसवर माया करणाऱ्याने त्याला थोडे-थोडे पाणी पाजणे हा त्याला उपाशी मारण्याचा मार्ग आहे. पाणी द्यायचेच तर ते दिवसभर ओले राहील इतके द्यायला हवे, आणि पाण्यासाठी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या भागात शोभेच्या मॉससाठी तेवढे पाणी ओतणे मला तरी पटत नाही.

उलट बाजूने पाहा. मैदानी भारताच्या भिंतींवर सर्रास सापडणारे हायोफिला इनव्होल्युटा नावाचे मॉस असते. सुकले की त्याची पाने आत वळून मिटतात आणि गडद तपकिरी, जवळजवळ काळी बुंदी भिंतीला चिकटलेली दिसते. पाणी पडले की तीच पाने पसरून हिरवी चांदणी होते. चुना, सिमेंट, वीट, दगड यांवर ते खूश असते, त्यामुळे घरांच्या कुंपणभिंती हे त्याचे हक्काचे रान. फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका हे दुसरे. जळालेल्या जमिनीवर, राखेवर, विटांच्या ढिगाजवळ ते लवकर येते. त्याच्या टोकाला बीजाणूंची लोंबती डबी असते आणि तिचा देठ हवेतल्या ओलीप्रमाणे पीळ घेतो आणि सोडतो. तिसरे ब्रायम; त्याच्या चांदीसारख्या चमकणाऱ्या गाद्या सिमेंटच्या भेगांत दिसतात. या जातींना आपला उन्हाळा शिकवावा लागत नाही. त्या आषाढात जाग्या होतात, पोळ्याला ऐन भरात असतात आणि गणपती-महालक्ष्म्यांच्या दिवसांत, म्हणजे घर सजवण्याची खरी वेळ येते तेव्हा, त्यांची हिरवाई टिकून असते. दिवाळीनंतर त्या मिटू लागतात. महाबळेश्वर-आंबोलीच्या धुक्यात वाढलेले किंवा हिमालयातून पोत्यात भरून आलेले मॉस इथे या वेळापत्रकाशी जमवून घेऊ शकत नाही.

खापरखेड्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण इथल्या हवेत पाण्याखेरीज आणखी बरेच काही असते. इथल्या वीजकेंद्राचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला; २१० मेगावॅटचे चार आणि २०११ मध्ये आलेला ५०० मेगावॅटचा पाचवा, असे मिळून १३४० मेगावॅट. शेजारीच कोराडीचे वीजकेंद्र. भारतीय कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे रोज हजारो टन कोळसा जाळणाऱ्या केंद्राची राख हा साऱ्या परिसराचा कायमचा विषय आहे. नांदगावच्या राखतळ्यावरून २०२२ च्या फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना पाहणीला यावे लागले आणि त्याच वर्षी जुलैत कोराडीच्या खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून शेतांत आणि नाल्यांत राख पसरली. ज्या वनस्पतीला मुळे नाहीत आणि जी हवेतून पडेल त्यावरच जगते, ती ही राखही अंगावर घेते. मेणाचा लेप नसल्याने धातूंचे अंश तिच्या पेशीभित्तींना चिकटून राहतात.

हा दोष वाटतो. विज्ञानाने त्याचे मोजमापाचे साधन केले. साठच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ऱ्यूलिंग आणि ट्यूलर या संशोधकांनी मॉस गोळा करून हवेतून पडणाऱ्या जड धातूंचे नकाशे काढायला सुरुवात केली. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी अशी पाहणी करतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाडांच्या खोडांवरचे मॉसचे ३४६ नमुने तपासले गेले आणि कॅडमियमचे प्रमाण जिथे एकदम चढले होते तिथे रंगीत काच बनवणारे कारखाने निघाले. २०१६ साली हे बाहेर आले आणि कारखान्यांना कॅडमियमचा वापर थांबवावा लागला. सरकारी हवामापक यंत्रांनी तोवर त्यांच्याकडे बोट दाखवले नव्हते. भारतातही मसुरी आणि कुमाऊंच्या डोंगरांत मॉसच्या आधारे अशी कामे झाली आहेत. औष्णिक केंद्राजवळच्या बागेतले मॉस म्हणूनच निव्वळ शोभेचे राहत नाही. काही जण इथून पुढची उडी मारतात आणि मॉस लावा, हवा शुद्ध करा असे सांगतात. धूळ मॉसवर बसते हे खरे. पण चार कुंड्यांवरच्या मॉसने धुराड्याशी बरोबरी करावी ही अपेक्षा हास्यास्पद आहे आणि त्या विचाराने धुराड्याची जबाबदारी कुंडीवर ढकलली जाते. व्यवहारात याचा अर्थ इतकाच: इथल्या भिंतीवरून काढलेले मॉस शोभेच्या झाडांच्या कुंडीत ठेवावे, पालक-मेथीच्या वाफ्यात किंवा पुदिन्याच्या कुंडीत नको.

कोळशाचा धूर आणि घरातली हिरवाई यांचे नाते मात्र जुने आहे. लंडनच्या पूर्व भागात राहणारा डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड आपल्या अंगणात नेचे आणि मॉस वाढवायची धडपड करत होता. शहराच्या कोळशाच्या धुराने ती सारखी मरत. १८२९ च्या सुमारास त्याने पतंगाचा कोष ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचे काय होते ते पाहता पाहता त्या मातीतून नेच्याचे रोप उगवले आणि बाहेरच्या धुरापासून वाचून ते वाढत राहिले. त्यातून वॉर्डची काचपेटी जन्मली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे लंडनहून सिडनीला सुखरूप पोचली आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून चहाची रोपे भारतात आणली तीही अशाच पेट्यांतून. आज ज्याला टेरॅरियम म्हणून भेट देतात, ती कोळशाच्या शहराने लावलेली युक्ती आहे. खापरखेड्यात मॉस बारा महिने हिरवे पाहायचेच असेल तर हा एकच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, कारण बंद बरणीत पाणी उडून जात नाही, तेच काचेवर साचून खाली येते आणि राखही आत येत नाही.

आता बाजारातल्या मॉसबद्दल. नर्सरीतले पोत्यातले मॉस हे अनेकदा स्फॅग्नम असते. त्याच्या पानांत मोठ्या, मृत, पोकळ पेशी असतात आणि त्या आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतात. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा जखमांवर हेच बांधत. डाळिंबाची किंवा लिंबाची गुटी कलम बांधणाऱ्यांना त्याची किंमत ठाऊक आहे: फांदीची साल गोल काढायची, ओले मॉस लावायचे, प्लास्टिकने बांधायचे आणि मुळ्या फुटायची वाट पाहायची. तिथे त्याला खरेच काम आहे. शोभेसाठी ते मातीवर पसरणे ही निव्वळ उधळपट्टी. स्फॅग्नम ज्या दलदलींत वाढते तिथे पीट साचते, साधारण वर्षाला एक मिलिमीटर. अशा जमिनी पृथ्वीच्या भूभागाच्या तीन टक्के असूनही जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन धरून आहेत. हिमालयातून येणारे हिरवे मॉस खोडांवरून आणि खडकांवरून खरवडलेले असते आणि ते परत भरून यायला वर्षे लागतात. शेजारच्या पेंचच्या जंगलातून चार मुठी आणल्या तर काय बिघडले, असे विचारणाऱ्याने भारतीय वन अधिनियम, १९२७ उघडून पाहावा. वनउपज कशाला म्हणावे हे सांगताना त्या कायद्याने गवत, वेली, बोरू यांच्याबरोबर मॉसचेही नाव स्पष्ट घेतले आहे. हॉटेलांच्या भिंतींवर दिसणारे ‘कायम हिरवे’ मॉस तर मेलेलेच असते: ग्लिसरिनमध्ये मुरवून रंगवलेले. त्यातले रेनडिअर मॉस हे मॉसही नाही; ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातले.

आक्षेप राहिले. पहिला, मॉसने भिंत खराब होते. भिंतीत ओल मुरलेली असते म्हणून मॉस येते. गच्चीचा उतार चुकला, पन्हाळ फुटली, प्लास्टरला भेग पडली, हे दुरुस्त करायचे सोडून मॉस खरवडले तर पुढच्या श्रावणात ते पुन्हा हजर. तरी राहत्या घराच्या भिंतीवर आणि गच्चीवर ते वाढू देऊ नये, कारण पाणी अडवून धरणे हा त्याचा धर्मच आहे. कुंपणाची भिंत, बागेतले दगड, विटांचे वाफे आणि मातीच्या कुंड्या एवढे क्षेत्र पुरेसे आहे. दुसरा, डासांचा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंडी घालायला साचलेले पाणी लागते; ओले मॉस त्याला पुरत नाही, कुंडीखालची बशी मात्र हमखास पुरते. मॉससाठी बशीत पाणी भरून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: आठ महिने ही गोष्ट तपकिरी, मळकट दिसते. दिसते खरी. पण मार्चमध्ये पळसाची पाने गळतात तेव्हा झाड बिघडले असे कोणी म्हणत नाही. सुकलेल्या मॉसच्या जागी जानेवारीत हिरवे प्लास्टिक गवत अंथरणे हा ज्याचा त्याचा प्रश्न; माझे मत विचारले तर नको.

लावण्याची रीत साधी आहे. आषाढ लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की आपल्याच कुंपणावरची मॉसची तीन-चार बोटे रुंद ठिगळे पातळ चाकूने किंवा उलथण्याने तळाच्या मातीसकट उचलावीत. सगळे खरवडून नेऊ नये. मध्ये मध्ये सोडले की भिंत पुन्हा भरते. विटेवरचे मॉस विटेवर किंवा दगडावरच लावावे आणि मातीवरचे मातीवर. या नियमाकडे दुर्लक्ष केल्यानेच बहुतेक प्रयोग फसतात. कुंडीतली माती वरून घट्ट दाबून, ओली करून, त्यावर ठिगळ चांगले थापून बसवावे, हवा राहू देऊ नये. जागा उत्तरेची किंवा पूर्वेची. खत अजिबात नको. मिक्सरमध्ये मॉस आणि ताक फिरवून भिंतीला फासण्याची कृती सगळीकडे सांगितली जाते. आपल्या पावसाळी हवेत त्या ताकावर आधी बुरशी येते आणि वास तर येतोच. ताकाऐवजी पावसाचे पाणी वापरावे. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार मॉसच्या पानांवर पांढरे साठतात आणि कूलरच्या टाकीत फिरून आटलेले पाणी तर त्याहून खारट असते, ते मॉसवर टाकू नये.

कोणत्या झाडाखाली मॉस शोभते हे त्या झाडाच्या तहानेवर ठरते. नेचे, सिंगोनियम, पीस लिली, कॅलेथिया यांना ओलसर माती चालते, तिथे मॉस सुखाने राहील. कोरफड, स्नेक प्लांट, जेड, अडेनियम, निवडुंग यांच्या कुंडीत ते नको. वरचा हिरवा थर पाहून माती कोरडी आहे की ओली ते कळत नाही आणि पाणी जास्त होऊन मुळे कुजतात. अशा कुंडीत मॉस आपणहून आले असेल तर तळाचे भोक बुजले आहे का, ते आधी पाहावे. उन्हाळ्यात माती झाकायलाच हवी असेल तर काथ्याचा थर मॉसपेक्षा चांगले काम करतो.

बरणी करायची असेल तर झाकणाची रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाशी दोन बोटे खडी, वर पातळ थर माती, त्यावर पावसाळ्यात काढलेले मॉस. ते आधी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात बुचकळून राख आणि किडे काढून टाकावेत. सगळी काच दिवसभर धुरकट राहिली तर पाणी जास्त झाले आहे, झाकण काही तास उघडावे. अजिबात दव धरले नाही तर चार चमचे पाणी घालावे. बरणी उजेडात ठेवावी, उन्हात नाही. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलची एक दुपार पुरते: काचेतली हवा बाहेरच्याहून कितीतरी तापते, आणि सुकून वाचणारे मॉस ओले असताना उकडून मरते. कूलर असलेल्या खोलीतला, खिडकीपासून चार-पाच हात आतला कोनाडा त्यासाठी ठीक.